दुकानाचा एसएमएस: नेहमीच्या चुका आणि त्या टाळण्याची रीत

हैदराबादच्या सुलतान बाजारात साडी घेतली, की बिलाच्या वेळी काउंटरवरून विचारणा होते, "ताई, मोबाईल नंबर सांगता?" ताई नंबर सांगतात, कारण बिल मोबाईलवर येणार असतं. मग दर चार दिवसांनी 'भव्य सेल'चे संदेश येऊ लागतात. ताई एक-दोनदा दुर्लक्ष करतात, तिसऱ्यांदा ब्लॉक करतात आणि पुढच्या सणाला दुसऱ्या दुकानाची पायरी चढतात. इकडे दुकानदार म्हणतो, हल्ली एसएमएसचा काही उपयोग होत नाही.

उपयोग होतो. एसएमएसला इंटरनेट लागत नाही, ॲप लागत नाही, बटणांच्या साध्या फोनवरही तो उघडतो. बँकेचा ओटीपी, गॅसचं बुकिंग, डॉक्टरांची वेळ हे सगळं याच पेटीत येतं, म्हणून माणूस ती पेटी पाहतोच. तिथे आपल्या दुकानाचं नाव दिसणं ही मोठी गोष्ट आहे. म्हणूनच तिथली चूकही महागात पडते.

हैदराबादेत काचीगुडा, सुलतान बाजार, बडी चावडी, सिकंदराबाद या भागांत कितीतरी मराठी मंडळी दुकानं, शिकवण्या, दवाखाने, फराळाचे आणि यात्रा-सहलींचे व्यवसाय चालवतात. त्यांच्यासाठी आणि त्यांच्यासारख्या सगळ्या छोट्या व्यावसायिकांसाठी हा लेख आहे. मला मुख्यतः एकच गोष्ट सांगायची आहे: गिऱ्हाइकाची परवानगी हीच या व्यवहाराची पुंजी आहे. ती सांभाळली तर दोनशे नंबरांची यादीही धंदा वाढवते. ती नसेल तर दोन लाखांची यादीसुद्धा डोकेदुखी ठरते.

चूक पहिली: विकत घेतलेली यादी

"अमुक भागातले पन्नास हजार नंबर, स्वस्तात" असं सांगणारा कोणी ना कोणी प्रत्येक व्यावसायिकाला भेटतो. त्याला सरळ नाही म्हणा. त्या यादीतल्या एकाही माणसाने तुम्हाला आपला नंबर दिलेला नाही. त्यात बंद पडलेले नंबर असतात आणि दुसऱ्याच्या नावावर गेलेलेही असतात. बंद झालेला मोबाईल क्रमांक ९० दिवसांनंतर नव्या ग्राहकाला देता येतो, त्यामुळे जुन्या यादीतला 'आपला' माणूस आज कोणी अनोळखी असू शकतो.

कायद्याची बाजूही स्पष्ट आहे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ साली झाला. एका कामासाठी घेतलेली माहिती दुसऱ्या कामासाठी वापरायची असेल तर वेगळी संमती घ्यावी, हे त्याचं मूळ तत्त्व आहे. माहिती सुरक्षित न ठेवल्यास या कायद्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. एवढा दंड छोट्या दुकानाला होईल असं नाही, पण सरकार या गोष्टीकडे किती गांभीर्याने पाहतं ते यावरून कळतं.

यावर उपाय सोपा आहे. बिलाच्या वेळी एक वाक्य जास्त बोला: "नवीन माल आला की महिन्यातून एखादा मेसेज पाठवला तर चालेल का?" ताई हो म्हणाल्या तर नोंद करा. नोंदीत तारीख लिहा आणि मेसेज कोणत्या भाषेत हवा तेही लिहा. नाही म्हणाल्या तर हसून बिल द्या. ही यादी सावकाश वाढते, पण त्यातलं प्रत्येक नाव कामाचं असतं.

चूक दुसरी: साध्या सिमवरून मेसेज

अनेक दुकानांत एक जुना फोन असतो. त्यातल्या सिमवरून मालक किंवा कामावरचा मुलगा शे-दोनशे जणांना सेलचा मेसेज टाकतो. सिमला अमर्याद मेसेज आहेत, मग बिघडलं काय, असा हिशेब असतो.

व्यापारी संदेशांसाठी ट्रायचे, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे, २०१८ सालचे नियम आहेत आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ते आणखी कडक झाले. आता साध्या दहा आकडी नंबरावरून जाहिरात आली, तर ग्राहक सात दिवसांच्या आत तक्रार करू शकतो. त्यासाठी त्याने आधी डीएनडीत, म्हणजे 'जाहिरात नको' म्हणणाऱ्यांच्या यादीत, नाव घातलेलं असण्याचीही गरज नाही. दहा दिवसांत पाच तक्रारी झाल्या तरी कारवाईला पुरेशा आहेत. पहिल्या वेळी त्या व्यावसायिकाच्या सगळ्या नंबरांची बाहेर जाणारी सेवा १५ दिवस बंद होते. पुन्हा तेच घडलं तर सगळ्या कंपन्यांकडची सगळी जोडणी वर्षभर तोडली जाते. ऐन दसरा-दिवाळीत दुकानाचा फोन मुका झाला तर किती नुकसान होईल, याचा अंदाज तुम्हीच करा.

रीतसर मार्ग डीएलटीचा, म्हणजे मोबाईल कंपन्यांच्या संदेश-नोंदणी यंत्रणेचा आहे. एअरटेल, जिओ, व्होडाफोन-आयडिया किंवा बीएसएनएल यांपैकी एकाच्या डीएलटी पोर्टलवर व्यवसायाची नोंदणी करायची. पॅन, जीएसटी किंवा व्यवसायाचा दुसरा पुरावा आणि अधिकारपत्र अशी कागदपत्रं लागतात. नोंदणी झाली की १९ आकडी ओळख क्रमांक मिळतो. मग दोन गोष्टी मंजूर करून घ्यायच्या: हेडर, म्हणजे मेसेजवर दिसणारी पाठवणाऱ्याची ओळखखूण, आणि टेम्प्लेट, म्हणजे मेसेजचा ठरलेला मजकूर.

हेडर निवडताना घाई करू नका. ग्राहकाला पाहताक्षणी दुकान ओळखू यायला हवं. हेडरच्या आधी दोन अक्षरं येतात, पहिलं मोबाईल कंपनीचं आणि दुसरं दूरसंचार विभागाचं. तेलंगण वेगळं राज्य झालं, तरी दूरसंचाराच्या हिशेबात ते अजून आंध्र प्रदेश विभागातच मोडतं. हेडरच्या शेवटी आता मेसेजचा प्रकारही दिसतो: जाहिरातीला 'पी', सेवेला 'एस', बँकेच्या ओटीपीसारख्या व्यवहाराच्या संदेशाला 'टी' आणि सरकारी संदेशाला 'जी'. त्यामुळे तुम्ही काय पाठवलं आहे, ते ग्राहकाला मेसेज उघडण्याआधीच कळतं.

चूक तिसरी: टेम्प्लेट एक, मेसेज दुसरा

मंजूर टेम्प्लेटमध्ये नाव, तारीख, रक्कम अशा बदलत्या मजकुरासाठी रिकाम्या जागा ठेवता येतात. बाकीचा मजकूर अक्षर न् अक्षर तसाच जायला हवा. एखादा शब्द बदलला, स्वल्पविराम गळला किंवा शेवटी 'शुभेच्छा' जोडली, तर यंत्रणा मेसेज अडवते. तुम्हाला वाटतं पाठवला, पण ग्राहकापर्यंत तो पोहोचलेलाच नसतो.

ही यंत्रणा किती काटेकोर आहे, ते देशाने ८ मार्च २०२१ रोजी अनुभवलं. त्या दिवशी टेम्प्लेट तपासणी पूर्णपणे सुरू झाली. अनेक मोठ्या संस्थांनी आपले टेम्प्लेट नोंदवले नव्हते किंवा चुकीचे नोंदवले होते. बँकांचे ओटीपी अडकले, ऑनलाइन व्यवहार थांबले आणि ट्रायला तपासणी सात दिवस स्थगित करावी लागली. बँकांवर ही वेळ आली, तर आपण आधीच सावध असलेलं बरं.

म्हणून सणाचे टेम्प्लेट सणाच्या महिनाभर आधी मंजुरीला पाठवा. मंजूर मजकूर एका फाइलमध्ये ठेवा आणि तिथूनच कॉपी करा, आठवणीतून टाइप करू नका. मेसेज पाठवणारी कंपनी बदललीत, तर पोर्टलवर नव्या कंपनीशी जोडणी नोंदवा. डिसेंबर २०२४ पासून मेसेज कोणाकोणाच्या हातून जातो, ती पूर्ण साखळी नोंदलेली असावी लागते. नाहीतर मेसेज नाकारला जातो. आणि आपला पासवर्ड किंवा ओळख क्रमांक कोणालाही वापरायला देऊ नका. तुमच्या हेडरवरून दुसऱ्याने काही पाठवलं, तरी जाब तुम्हालाच विचारला जातो.

चूक चौथी: सेवेच्या मेसेजमध्ये जाहिरात

'तुमचं ब्लाउज शिवून तयार आहे' हा सेवेचा मेसेज आहे. 'तुमचं ब्लाउज शिवून तयार आहे. येताना नवीन पैठणीही पाहा, १०% सूट!' ही जाहिरात झाली. कामाच्या निरोपाला जाहिरात जोडली, की सगळा मेसेज जाहिरातीत मोडतो आणि जाहिरातीचे सगळे नियम त्याला लागतात.

चालू व्यवहारापुरती दिलेली संमती आता सातच दिवस ग्राह्य धरली जाते. गेल्या वर्षी एकदा खरेदी केली म्हणून आजन्म मेसेज पाठवण्याचा हक्क मिळत नाही. दवाखाना चालवणाऱ्यांनी आणि शिकवणीवाल्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं. 'उद्या दुपारी ४ वाजता तुमची वेळ आहे' या मेसेजवर रुग्ण विसंबलेला असतो. त्यात दंतचिकित्सेची ऑफर मिसळली, की तो पुढचे मेसेजही न वाचता बाजूला सारतो आणि खरी वेळ चुकवतो.

चूक पाचवी: अक्षरांचा हिशेब न करणं

ही चूक सर्वांत जास्त होते आणि सर्वांत जास्त पैसे खाते. रोमन लिपीतल्या साध्या मेसेजला १६० अक्षरांची मर्यादा असते. मराठी, तेलुगू, हिंदी, उर्दू अशा भाषांत ती ७० वर येते. ती ओलांडली की मेसेजचे तुकडे होतात, प्रत्येक तुकडा ६७ अक्षरांचा, आणि पैसे प्रत्येक तुकड्याचे लागतात. पाच हजार ग्राहकांना दोन तुकड्यांचा मेसेज गेला, तर बिल दहा हजार मेसेजचं येतं.

त्यात आपल्या लिपीची मोजणी वेगळी आहे. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त हे सगळं स्वतंत्र मोजलं जातं. 'हैदराबाद' डोळ्याला पाच अक्षरी दिसतं, पण मोजणीत आठ जागा घेतं. 'वस्त्रालय' चार अक्षरी दिसतं आणि नऊ जागा घेतं.

आता हा नेहमीचा मेसेज पाहा: 'प्रिय ग्राहक, दिवाळीनिमित्त आमच्याकडे सर्व पैठणींवर भरघोस सवलत! त्वरा करा, ही संधी पुन्हा नाही!' यातल्या 'सवलत!'पर्यंतच ६३ जागा संपल्या. तरी दुकान कोणतं, सूट किती, कधीपर्यंत आणि यायचं कुठे, यातलं काहीच कळलं नाही.

आता हा पाहा: 'अबक वस्त्रालय, सुलतान बाजार: पैठणीवर १०% सूट, ५ ते १२ ऑक्टोबर.' हा ६२ जागांत बसतो आणि चारही गोष्टी सांगतो. त्यापुढे 'नको असल्यास' आणि कळवण्याचा दहा आकडी क्रमांक घालून 'वर कळवा.' जोडलं की एकूण ९४ जागा होतात. म्हणजे दोन तुकडे. दोन तुकड्यांत १३४ जागा मिळतात, तेव्हा उरलेल्या ४० जागांत दुकानाची वेळ किंवा जवळची खूण घाला. पैसे दोन तुकड्यांचे द्यायचेच आहेत, तर त्या जागा कामी लावा.

रोमन लिपीत मेसेज पाठवणाऱ्यांनाही एक अडचण येते. रुपयाचं '₹' हे चिन्ह जुन्या १६० अक्षरांच्या संचात नाही. ते एक चिन्ह घातलं, की सगळ्या मेसेजची मर्यादा ७० होते. इमोजी आणि वर्ड फाइलमधून आलेली वळणदार अवतरणचिन्हं यांचंही तसंच. रोमन मेसेजमध्ये रुपयासाठी 'आर', 'एस' ही साधी अक्षरं आणि टिंब लिहा.

चूक सहावी: शहर न ओळखता पाठवलेला मेसेज

हैदराबादेत एकाच दुकानात मराठी, तेलुगू, उर्दू आणि हिंदी बोलणारं गिऱ्हाईक येतं. सगळ्यांना एकच मेसेज पाठवणं सोपं असतं, पण तो निम्म्यांना आपला वाटत नाही. पाडवा आणि उगादी एकाच दिवशी येतात. मराठी ग्राहकाला पाडव्याच्या शुभेच्छा आणि तेलुगू ग्राहकाला उगादीच्या, एवढा फरक केलात तरी लक्षात राहतो. प्रत्येक भाषेचा टेम्प्लेट वेगळा मंजूर करावा लागतो. तेलुगू किंवा उर्दू मजकूर ती भाषा घरात बोलणाऱ्याकडून तपासून घ्या, यंत्राच्या भाषांतरावर सोडू नका.

वेळही पाहा. जाहिरातीचे मेसेज सर्वसाधारणपणे सकाळी १० ते रात्री ९ या वेळात जातात. पण नियमात बसणारी प्रत्येक वेळ योग्य असतेच असं नाही. रमजानमध्ये मगरिबच्या, म्हणजे रोजा सोडण्याच्या सुमारास मुस्लिम ग्राहकाला मेसेज पाठवू नका. त्या महिन्यात बाजार रात्री फुलतो, म्हणून दुपारी पाठवलेला मेसेज रात्री कामी येतो. अनंत चतुर्दशीला विसर्जनाच्या मिरवणुका मोअज्जम जाही मार्केटवरून हुसेनसागराकडे जातात आणि त्या भागातली वाहतूक वळवली जाते. त्या दिवशी 'आज फक्त आमच्या अबिड्सच्या दुकानात' असा मेसेज पाठवला, तर ग्राहकाने यायचं कसं? आषाढात बोनालू सणाचे रविवार असतात. भाद्रपदाच्या अखेरीपासून दसऱ्याच्या आधीपर्यंत बतुकम्माचा सण असतो आणि त्या काळात साड्यांची खरेदी जोरात असते. असं वर्षाचं वेळापत्रक एका कागदावर मांडा आणि त्याप्रमाणे मेसेज ठरवा. महिन्यातून दोनपेक्षा जास्त जाहिरातीचे मेसेज बहुतेक दुकानांना लागत नाहीत.

चूक सातवी: लिंक आणि घाई

'आजच क्लिक करा, नाहीतर ऑफर जाईल' अशा मेसेजची लोकांना आता भीती वाटते, आणि ती रास्त आहे. वीजबिल, केवायसी, पार्सल यांच्या नावाने फसवणूक करणारे हीच भाषा वापरतात. तेलंगणात सायबर गुन्ह्यांसाठी स्वतंत्र सायबर सुरक्षा ब्यूरो आहे, आणि देशभर १९३० हा तक्रारीचा क्रमांक आहे. अशा वातावरणात आपला मेसेज फसव्या मेसेजसारखा दिसता कामा नये.

१ ऑक्टोबर २०२४ पासून आधी नोंदवलेली नसलेली लिंक असेल तर मेसेज जातच नाही. परत फोन करण्याचा क्रमांकही नोंदवावा लागतो. लिंक द्यायचीच असेल तर दुकानाच्या स्वतःच्या नावाची द्या, कोणीही बनवू शकेल अशी छोटी लिंक नको. पैसे, ओटीपी किंवा बँकेची माहिती एसएमएसमधून कधीही मागू नका. आणि 'आम्ही अशी माहिती कधीच मागत नाही' हे काउंटरवर लिहून ठेवा. म्हाताऱ्या गिऱ्हाइकांना त्याचा खरा आधार वाटतो.

चूक आठवी: 'नको' म्हणणाऱ्याला न सोडणं

जाहिरातीच्या प्रत्येक मेसेजमध्ये तो बंद करण्याची सोय देणं आता बंधनकारक आहे. एकदा ग्राहकाने बंद केलं, की ९० दिवस त्याच्याकडे पुन्हा संमती मागता येत नाही. याशिवाय १९०९ वर डीएनडी नोंदवून तो सगळ्या जाहिराती थांबवू शकतो किंवा काही क्षेत्रांपुरत्याच चालू ठेवू शकतो. बँक-विमा, घरजमीन, शिक्षण, आरोग्य, ग्राहकोपयोगी वस्तू आणि वाहनं, दूरसंचार-मनोरंजन, पर्यटन, खाद्यपदार्थ अशी ती क्षेत्रं आहेत. यात्रा काढणाऱ्याचा व्यवसाय पर्यटनात येतो, फराळवाल्याचा खाद्यपदार्थांत. नोंदणी करताना आपलं क्षेत्र बरोबर निवडा.

'नको' म्हणणारा ग्राहक तुमच्यावर रागावलेला असतो असं नाही. त्याला फक्त मेसेज नको असतात, दुकान हवं असतं. त्याच दिवशी त्याचं नाव यादीतून काढा. दुकानात एखादी वेगळी एक्सेल फाइल, जुन्या फोनमधली यादी, मुलाच्या लॅपटॉपवरची प्रत अशा दोन-तीन याद्या असतील, तर सगळ्यांतून काढा. अशा विसरलेल्या प्रतींमुळेही तक्रारी होतात.

सुरुवात कशी करावी

पहिल्या महिन्यात डीएलटी नोंदणी, हेडर आणि दोन-तीन टेम्प्लेट एवढंच करा. दुसऱ्या महिन्यात काउंटरवर परवानगी घेऊन यादी नव्याने बांधा. जुन्या यादीतल्या लोकांना दुकानात आल्यावर विचारा, तोवर त्यांना जाहिरात पाठवू नका. तिसऱ्या महिन्यात पन्नास-शंभर जणांना पहिला मेसेज पाठवा. तो स्वतःच्या, घरच्यांच्या आणि एखाद्या साध्या फोनवर आधी वाचून पाहा. किती पोहोचले ते कंपनीच्या अहवालात दिसेल. किती आले ते कळण्यासाठी मेसेजमध्ये एक ठरलेला शब्द द्या आणि तो सांगणाऱ्याची नोंद काउंटरवर ठेवा. न पोहोचणारे नंबर दर तीन महिन्यांनी काढून टाका. या तीन आकड्यांवरून पुढचा खर्च ठरवा: किती गेले, किती पोहोचले, किती आले.

हैदराबादेत नवीन दुकान उघडणारा मराठी माणूस पहिली काही वर्षं ओळखीवर आणि शब्दावर धंदा उभा करतो. मोबाईल नंबर देणारा ग्राहक तोच विश्वास टाकत असतो. म्हणून हा लेख वाचून झाल्यावर आजच एक काम करा: आपल्या यादीतले पहिले वीस नंबर काढा आणि त्यांतल्या किती जणांनी मेसेजला खरोखर 'हो' म्हटलं होतं ते तपासा. ज्यांची परवानगी नाही, त्यांना पुढचा मेसेज जाण्याआधी विचारा.